कोथळीतला फ्यूज

५ नोव्हेंबर

तांड्याजवळच्या गोरेगावात दुकान उघडून आठवडा झाला. पाटीवर ‘दिपा सोलर दुरुस्ती’ असं ठसठशीत लिहून घेतलंय, तरी पहिलं गिऱ्हाईक आलं ते मिक्सर घेऊन. दुसऱ्यानं आत डोकावून विचारलं, “दुकानदार कुठं गेले?” म्हटलं, दुकानदार मीच. तो “बरं बरं” म्हणाला आणि चालता झाला. हिंगोलीच्या आयटीआयत वायरमनच्या वर्गात आम्ही दोघीच पोरी होतो, तेव्हापासून या ‘बरं बरं’ची सवय आहे. बसून माश्या मारण्यापेक्षा लिहावं म्हणून ही वही काढली.

संध्याकाळी जीपमधून उतरून विहिरीवरून घरी येत होते, तर याडी सोलरच्या डब्याजवळ उभी. याडी म्हणजे माझी सासू, भिकाबाई. तांड्यावर आईला याडीच म्हणतात. घरात आमची बोली गोरमाटी, म्हणजे बंजारा, पण शाळा मराठीत झाली म्हणून लिहायला हात मराठीतच वळतो. तर याडीनं डब्याचं झाकण उघडलं, आतला फ्यूज हातानं उपसला आणि कमरेच्या कोथळीत टाकला. त्या आरशाटाक्याच्या पिशवीत तंबाखू, सुपारी, चुन्याची डबी आणि आता हा फ्यूज!

पॅनेलकडून मोटारीकडं जाणारी वायर त्या डब्यातून जाते. तिथं चालू करंटवर फ्यूज ओढला तर हात भाजून निघेल.

“याडी, चालू मोटारीवर हे कधी काढू नका.”

“चार महिने झाले काढून राहिले. कुठं काय झालं?”

“दिवस मावळल्यावर करंटच नसतो, म्हणून काही होत न्हाई.”

“मग मी बी दिवस मावळल्यावरच काढते. भांडण कशाचं?”

माझ्या मास्तरांनाही असं कोणी गप्प केलं नसेल.

८ नोव्हेंबर

आज चुलीवर गुळाचा पाक होता, त्याचा फायदा घेतला. याडी आणि विकास दोघांना समोर बसवलं. चमचा पाकातून वर उचलला की तार निघते, हळू उचलला तर लांबच लांब येते, तुटत नाही. म्हटलं, सोलरचा करंट असाच असतो. तो एका दमात वाहतो, मध्ये श्वास घेत नाही. फ्यूज ओढला की मधल्या फटीत जाळाची तार धरते आणि धरूनच राहते. पोलवरच्या लाइटचा करंट सेकंदाला कित्येकदा थांबतो आणि उलटा फिरतो, म्हणून त्याची ठिणगी आपोआप मरते. म्हणून आधी मोटार चालवणाऱ्या कंट्रोलरच्या पेटीवरचं लाल बटण दाबून मोटार थांबवायची, मग मी नवीन स्विच बसवणार आहे त्याचं हँडल पाडायचं आणि मगच फ्यूजला हात लावायचा.

विकास म्हणाला, “बराबर.” माझा नवरा सगळ्यालाच बराबर म्हणतो.

याडी चमच्याकडं बघत होती. तिनं विचारलं, “हँडल पाडलं की पाणी बंद. मग कोणी परत वर केलं तर?”

म्हटलं, तर मोटार चालू होईल, चांगलंच आहे की. हँडल त्यासाठीच असतं. तिनं मान हलवली. समजलं नसावं.

खरं तर हे खूळ जुनं आहे. सासरे गेले तेव्हा विहीर एक आणि पोरं दोन. एक दिवस मोठ्या मोहनसिंगभाऊजींची पाळी, एक दिवस आमची. पोलवरची मोटार होती तेव्हा याडी चिनीमातीच्या ग्रिपा, म्हणजे जुने फ्यूज, काढून कोथळीत ठेवायची आणि सकाळी ज्याची पाळी त्याला बसवून द्यायची. आता सोलर आलं तरी ग्रिपांची सवय सुटत नाही. म्हातारपणी माणसाला काहीतरी आपल्या हातात हवं असतं, दुसरं काय.

१३ नोव्हेंबर

हिंगोलीला जाऊन आले. घरासाठी हँडलचा स्विच घ्यायचा होता. पहिल्या दुकानात काउंटरवरच्यानं साधा स्विच पुढं केला. “भाभी, सब चलता है. लाइट तो लाइट है.” मी म्हटलं, भैया, याच्यावर नागमोडी रेघ आहे, मला सरळ रेघेखाली तुटक रेघ असलेला पाहिजे, सोलरचा. तो हसला. मीही हसले आणि दुसऱ्या दुकानात गेले. लाइटचा स्विच सोलरला लावला तर आतल्या आत जळत बसतो आणि बाहेरून कळतही नाही. सोलरच्या स्विचमध्ये स्प्रिंग असते, दांडा कसाही हळू ढकला, आतले संपर्क झटक्यानं लांब जातात आणि तार धरायच्या आत तुटते.

पहिलं काम आपल्याच घरी केलं की लोक बघतील. नाहीतर ‘हिच्या घरी काय आहे ते बघा’ म्हणायला तांडा तयारच असतो. दुकानाची अब्रू आता या एका डब्यावर आहे.

१५ नोव्हेंबर

स्विच बसवला. फ्यूजच्या डब्याचं झाकण चार स्क्रूंनी पक्कं बंद केलं. आता फ्यूज काढायची गरजच नाही. हँडल वर केलं की चालू, खाली केलं की बंद. मोहनसिंगभाऊजींनी तीनदा वर-खाली करून बघितलं, लेकरासारखे खूश झाले.

याडीनं हँडलवर हात फिरवला. “ह्याला कुलूप बसतं का?”

मला हसू आवरेना. “बटणाला कुलूप? याडी, तिजोरी हाय का ती?”

बिनफ्यूजची कोथळी कमरेला खोचून ती घरी गेली. मला जरा वाईट वाटलं, पण हात जळण्यापेक्षा रुसलेली परवडली.

२२ नोव्हेंबर

दुकानात तीन कामं आली! त्यातलं एक खरोखरीचं सोलरचं. शेजारच्या तांड्याच्या फुलसिंगकाकांच्या शेतातल्या डब्यात उंदरानं घर केलं होतं. मी आतल्या सैल वायरी आवळून दिल्या. सैल वायर हीसुद्धा ठिणगीची मावशीच. काका म्हणाले, “पोरी, तुझ्या घरचा स्विच बघायला येतो.” मन भरून आलं.

आणि घरी आमची हळद काय दिसते आहे! पानं हत्तीच्या कानासारखी. विकास म्हणतो, तुझ्या स्विचचा गुण आहे. मी म्हटलं, स्विचनं काय पाणी वाढतं? तो म्हणाला, “हात गुणाचा असतो.” लग्नाला चार वर्षं झाली, पहिल्यांदा असं गोड बोलला. शिवाय हल्ली त्याला उठवावं लागत नाही. उजाडल्या उजाडल्या शेतात जातो आणि माझी जीप निघायच्या वेळेला परत येतो. दुकान काढल्यापासून माणसाला जबाबदारी कळली आहे. दृष्ट लागू नये.

२९ नोव्हेंबर

निलमताई माझी मोठी जाऊ. आमचं बोलणं म्हणजे ‘पीठ हाय का’ आणि ‘मीठ हाय का’ एवढंच. आज मात्र त्या स्वतःहून दारात आल्या.

“दिपा, इहिरीला पाणी कमी झालंय का गं? आमच्या पाळीला दुपार व्हायच्या आत मोटार हवा मारून राहिली. गहू तसाच तानलेला राहतो.”

आज रविवार, म्हणून मी लगेच सगळं तपासलं. खालचा व्हॉल्व ठीक, पाइप ठीक, पॅनेलवर धूळ होती ती पुसली. आमच्या पाळीला तर पाणी पुरतं, उलट उरतं. मला वाटतं झरा कमी झाला असेल. किंवा निलमताई उशिरा सुरू करत असतील. दूध काढून, घालून, लेकरांचं आवरून त्यांना विहिरीवर जायला बराच उशीर होतो. तसं त्यांना म्हटलं तर त्यांचं तोंड उतरलं. खरं बोललेलं कोणाला आवडतं?

जाता जाता कंट्रोलरचं लाल बटण त्यांना नीट दाखवलं. मोटार हवा मारायला लागली की पहिलं हे दाबा, हँडल नंतर. त्यांनी दोनदा दाबून बघितलं.

याडी बाजेवर बसून सगळं ऐकत होती. मग तिनं विकासला विचारलं, “आज सकाळी कुठं गेलता?” तो म्हणाला, “हळदीतलं तण बघायला.” बिचारा. पोरानं कामही केलं तरी चौकशी.

३ डिसेंबर

रूपाबाई म्हणजे याडीची लेक, जवळा बाजाराकडच्या तांड्यावर दिलेली. तिला मुलगी झाली. याडी सकाळी जीपनं गेली आणि संध्याकाळी परत आली! एवढी दगदग करून जायचं, हिंगोलीला गाडी बदलायची आणि लेकीजवळ एक रात्र राहायचं नाही? रूपाबाई फोनवर रडली. म्हणाली, “बाप गेल्यापासून याडी माझ्या घरी एकदा बी झोपली न्हाई.”

मला याडीचा राग आला. लेकीपेक्षा विहीर प्यारी असते का कुठं? आता तर फ्यूजही काढायचा नाही, तरी आल्या आल्या आधी विहिरीवर जाऊन आली.

९ डिसेंबर

लिहिते, म्हणजे मन शांत होईल.

सकाळी जीपमध्ये बसले तोच निलमताईंचा फोन आला. त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. मी तशीच उतरून पळत आले. विहिरीजवळ याडी मातीत बसलेली, ओढणीचं टोक जळून काळं झालेलं, उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड. फ्यूजचा डबा वितळून वाकडा झाला होता. मोटार बंद होती.

झालं असं. आज पाळी निलमताईंची. त्या गवत आणायला म्हणून लवकर गेल्या होत्या. बघतात तर याडीनं विळ्याच्या टोकानं डब्याचे चारही स्क्रू काढलेले, आणि मोटार सुरू असतानाच तिनं फ्यूज ओढला. ऊन चांगलं चढलं होतं. निलमताई म्हणाल्या, निळापांढरा जाळ उठला आणि तो विझेचना, शूं करत वाढतच गेला. याडी मागं पडली. निलमताई किंचाळत धावल्या ते डब्याकडं नाही, कंट्रोलरकडं. लाल बटण दाबलं. जाळ तिथल्या तिथं मेला.

त्या बटणापाशी पोचल्या नसत्या तर? मी निलमताईंना मिठी मारली. चार वर्षांत पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, “अगं, मला सोड, त्यांच्या हातावर पाणी घाल.”

गोरेगावच्या दवाखान्यात मलमपट्टी केली. डोळ्यांना काही झालेलं नाही. दिवसभर मी याडीला बोल बोल बोलले. म्हटलं, हँडल होतं ना तिथं! हँडल का नाही पाडलं? काहून फ्यूजला हात घातला?

ती म्हणाली, “हँडल पाडलं असतं तर मी वळले की त्यानं परत वर केलं असतं. फ्यूज कोथळीत आला की संपलं.”

“कोणी वर केलं असतं?”

तिनं पट्टी बांधलेला हात पुढं केला. “पाणी दे प्यायला.”

१० डिसेंबर

सकाळी उठले आणि चहा गाळता गाळता हात थांबला. काल पाळी निलमताईंची होती. त्यांनी मोटार सुरू केलेली नव्हती. मग मोटार चालू कशी होती?

विकास चहाची वाट बघत बसला होता. त्याच्या चपलेला कालचा वाळलेला चिखल. आमच्या शेतातला.

मी चपलेकडं बघितलं. तोच म्हणाला, “फक्त सकाळचा थोडा वेळ. हळदीला लागत होतं. दादाचा गहू काय, एक पाणी कमी पडलं तर मरत न्हाई.”

काखेत कळसा नि गावाला वळसा! मी व्हॉल्व तपासले, पॅनेलं पुसली, झऱ्याला दोष दिला, निलमताईंना उशिरा सुरू करता म्हणाले. आणि ज्याला उजाडल्या उजाडल्या उठतो म्हणून मी देवाजवळ हात जोडत होते, तो पाणी चोरायला उठत होता. ‘हात गुणाचा’ म्हणे! राग इतका आला की चहा त्याच्यासमोर न ठेवता मीच पिऊन टाकला. दोन्ही कप.

मग रडूही आलं, कारण कुलपाचं याडीनं मला पहिल्या दिवशीच विचारलं होतं आणि मी हसले होते. पोराचं नाव तिनं कोणापुढं काढलं नाही. माझ्यापुढंही नाही. स्वतःचा हात घातला.

मी जळका डबा काढून वायर तात्पुरती सरळ स्विचला जोडून दिली. पाळी आमची असून विकास दुपारी निलमताईंच्या गव्हात गेला आणि संध्याकाळपर्यंत पाण्याची दारं धरत राहिला. दादांशी काय बोलला मला माहीत नाही. दोघे भाऊ एका बादलीत हात धुऊन घरी आले. म्हणजे झालं असावं.

१७ डिसेंबर

नवीन डबा आणला. हिंगोलीत नव्हता, दुकानदारानं बाहेरून मागवून दिला. यात हँडल आणि फ्यूज एकाच डब्यात आहेत. हँडल वर असेल तोवर दार उघडतच नाही, कोणी विळा आणला तरी. हँडल खाली पाडलं की आतली वाट दोन ठिकाणी एकदम तुटते, मगच दार उघडतं आणि फ्यूजला हात लागतो. आणि पडलेल्या हँडलला एक भोक असतं. कुलपासाठी!

जगातल्या शहाण्या लोकांनी ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे एक माणूस वायरीवर काम करत असताना दुसऱ्यानं येऊन चालू करू नये. मी वर्गात हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण सासूच्या तोंडून ऐकलं तेव्हा तिजोरीची गंमत सुचली.

याडीसमोर दहा वेळा करून दाखवलं. लाल बटण, हँडल, कुलूप. तिनं डाव्या हातानं एकदा केलं. हँडल खट्कन पडलं. बारीक ठिणगीसुद्धा दिसली नाही.

“आता बराबर हाय,” ती म्हणाली.

२१ डिसेंबर

किल्ली याडीच्या कोथळीत गेली आणि मला वाटलं, विषय संपला. पण आज तिनं दोन्ही सुनांना बोलावलं. पोरांना नाही. मोहनसिंगभाऊजी उंबऱ्याशी घुटमळले तर त्यांना म्हणाली, “तू बैल बघ.”

मग म्हणाली, “मी किती दिस बसू राखण करत? ऐका. ज्या दिवशी निलमची पाळी, त्या दिवशी किल्ली दिपाकडं. दिपाची पाळी, तर किल्ली निलमकडं. ज्याला पाणी पाहिजे त्यानं दुसऱ्याच्या दारात जावं.”

मी जरा हिरमुसले. कुलूप माझं, डबा माझा, शिक्षण माझं. मला वाटलं होतं किल्ली कायमची मलाच मिळेल. बोलूनही दाखवलं.

“तुझ्याकडं दिली असती,” याडी म्हणाली, “पण तुझ्या घरात तो हाय ना.”

निलमताई पदरात तोंड लपवून हसल्या. मग मीही हसले. कुंपणच शेत खातं म्हटल्यावर एकट्या कुंपणाच्या भरवशावर कोण राहील?

२६ डिसेंबर

किल्लीच्या निमित्तानं रोज सकाळी एकीला दुसरीच्या दारात जावं लागतं. पहिल्या दिवशी मी किल्ली घेतली आणि वळले. दुसऱ्या दिवशी निलमताई आल्या तर चहा चुलीवर होता, मग बसा म्हणावंच लागलं. आज त्यांनी गरम भाकरी आणि ठेचा पुढं केला आणि माझी जीप चुकली. त्यांच्या माहेरी सोलरचं काय काय बिघडलंय ते सांगत होत्या. भावाला माझ्या दुकानात पाठवते म्हणाल्या.

फुलसिंगकाका आज डबा बघून गेले. त्यांच्याही शेतात दोन भाऊ आहेत. त्यांनी फ्यूजचं काही विचारलं नाही, फक्त हँडलच्या भोकाचं विचारलं. म्हणाले, “हेच पाहिजे.” आणखी दोघांचे फोन आले. पाटीवर काहीतरी वाढवावं लागेल असं दिसतंय.

हळद आता पूर्वीइतकी हिरवीगार नाही. जेवढी असायला पाहिजे तेवढी आहे.

२ जानेवारी

याडीच्या बोटांची खपली पडली. आज सकाळी तिनं दुसरी ओढणी, चादर आणि तंबाखू गाठोड्यात बांधलं आणि म्हणाली, “रूपाकडं जाऊन येते. सांजच्याला येते.”

मी म्हटलं, राहा की दोन दिवस. ती म्हणाली, बघू. ‘बघू’ म्हणजे नाही, हे मला चार वर्षांत कळलं आहे. पण सांजच्याला येणाऱ्या बाईला चादर कशाला लागते?

विकासनं तिला जीपमध्ये बसवलं. दिवस मावळला, शेवटची जीप आली आणि तिच्यातून याडी उतरली नाही. विकास घाबरला. मी फोन लावला तर रूपाबाई कुजबुजत म्हणाली, “झोपली. माझ्या पोरीला कुशीत घेऊन झोपली. उठवू नको म्हणाली.”

६ जानेवारी

याडी अजून तिकडंच आहे. आज पाळी निलमताईंची, म्हणून किल्ली माझ्याकडं. सकाळी विकास माझ्याभोवती घुटमळला. हळदीच्या एका कोपऱ्याला पाणी पोचलं नाही म्हणे. अर्धा तास फक्त. दादाला सांगतो नंतर. मी म्हटलं, न्हाई. तो म्हणाला, “नवरा हाय मी तुझा.” मी म्हटलं, म्हणूनच न्हाई. मग तो हसला, आणि फावडं घेऊन त्या कोपऱ्याचा बांध नीट करायला गेला. निलमताई किल्ली न्यायला आल्या तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी मला टाळी दिली.

दुपारी दुकानात असताना याडीचा फोन आला. तिला फोन करायला आवडत नाही, कानाला लावला की ती ओरडूनच बोलते.

“पाणी कोणाकडं हाय?”

“निलमताईकडं. त्यांचीच पाळी.”

“विकास?”

“बांध घालून राहिला. मागायला आलता, मी न्हाई म्हटलं.”

मागून लेकराचं रडणं ऐकू आलं आणि याडी त्याला गोरमाटीत काहीतरी गुणगुणत असल्याचं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला हातानं थांब म्हटलं.

मग ती परत फोनवर आली आणि या खेपेला अजिबात ओरडली नाही.

“मग मी संक्रांत करूनच येते,” म्हणाली.